आपटेसाहेबांचं भिंग आणि किसनचा नांगर

कोर्टासमोर फोटोचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, लग्नं-बारशांवर पोट भरेल. पण लग्नसराई चार महिन्यांची आणि खोट्या सह्या बारमाही! वादातल्या सहीचा फोटो काढायचा, तो ताटाएवढा मोठा करायचा आणि आपटेसाहेबांच्या हवाली करायचा, हाच माझा खरा धंदा झाला. काचेच्या निगेटिव्ह मी तुपाच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचो. एकाचे सात डबे कधी झाले कळलंच नाही. किस्से कशात ठेवणार? ते आपले जिभेवर साठत गेले.

आपटेसाहेब पुण्याचे हस्ताक्षरतज्ज्ञ. रिटायर होऊन लेकीकडे आमच्या मलकापूरला राहायला आले आणि जिल्हाभरातले वकील त्यांना बोलवायला लागले. काळा कोट, खिशात भिंग, बोलणं छापील. त्यांच्यासोबत कोर्टाचे शिपाई रहीमचाचा. वादातला कागद कोर्टाच्या ताब्यातून सुटू नये म्हणून चाचा तो लाल फडक्यात बांधून दुकानात आणायचे आणि फोटो होईपर्यंत त्याच्यावर कोंबडीसारखे बसून राहायचे.

एका वर्षी माझ्या पायरीवर आणखी एक माणूस असायचं. डोणगावची सरूबाई. नवरा किसन वारला आणि वर्ष व्हायच्या आत धाकट्या दिराने वाटणीपत्र बाहेर काढलं. विहिरीचं वावर म्हणे किसनने भावाला देऊन टाकलं होतं! सरूबाईजवळ शेत म्हणून तेवढंच एक वावर. दर तारखेला ती यायची, पायरीवर बसून भाकर खायची आणि विचारायची, "भाऊ, तुमचे भिंगवाले साहेब खोटं वळखतात ना?"

"ओळखतात की!"

"मंग माह्या वक्ताले आणजा त्याइले."

* * *

साहेबांचा पहिला नियम असा की, माणसाची सही एकदा पाहून भागत नाही, वीसदा पाहावी. धामणगाव बढ्याच्या एका म्हाताऱ्यापुढे त्यांनी कोरे कागद ठेवले. "आजोबा, यावर वीस सह्या करा."

म्हातारा ताडकन उठला. "साहेब, एका कोऱ्या कागदावर सही केली तं तीन वर्सं कोर्टात येऊन राह्यलो. विसावर करू तं माह्या नातवाले यावं लागन!"

काही केल्या ऐकेना. शेवटी साहेबांनी प्रत्येक कागदावर 'हा कागद कोरा आहे' असं आपल्या हाताने लिहून दिलं, तेव्हा म्हातारा सहीला बसला.

* * *

कागद जुना दिसावा म्हणून लोक काय काय करतात! कोणी धुरात धरतं, कोणी ज्वारीत पुरून ठेवतं. एका पाटलांनी आजोबांच्या वेळचा म्हणून एक करारनामा आणला. असा सुरेख पिवळा, की साहेबही क्षणभर भुलले. भिंग लावून तासभर बघत होते.

रहीमचाचा बाजूला उभे. म्हणाले, "साहेब, भिंग राहू द्या. मुंग्या पाहा."

टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग थेट आजोबांच्या सहीवर चढत होती! चाचांनी कागद उचलून हुंगला.

"चहा हाय. अन् शक्कर डबल. आपल्या कँटीनचा नाही हा!"

* * *

दुसरा एक खरेदीचा कागद, एका गृहस्थांनी वडिलांच्या हातचा म्हणून आणलेला, आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हाचा. शाई जुनी, सही झकास. साहेबांनी तीन दिवस त्या सहीवर घालवले. चौथ्या दिवशी फोटो काढताना मी सहज कागदाचा माथा वाचला: 'जिल्हा बुलढाणा, महाराष्ट्र राज्य.' अहो, महाराष्ट्र तर आत्ताआत्ता झालेला!

कोर्टात वकिलाने विचारलं, "तेव्हा महाराष्ट्र होता का?"

"नव्हता जी."

"मग तुमच्या वडिलांनी कसा काय लिहिला?"

गृहस्थ जराही डगमगले नाहीत. "माहा बाप लई दूरचं पाहे, साहेब!"

* * *

आपटेसाहेबांचा एकच दोष, शिकवायची हौस. खामगावचा एक सहीबहाद्दर त्यांच्या साक्षीमुळे हरला. दुसऱ्या दिवशी हा गडी पेढे घेऊन दुकानात हजर! "साहेब, राग नाही. फक्त चुकलो कुठं, तेवढं सांगा."

साहेब विरघळले. पाटी मागवली. "हे पाहा, हात मध्येच थांबला की शाईचा ठिपका पडतो. भीत भीत काढलेली रेघ थरथरते." अर्धा तास चाललं होतं आणि तो वहीत उतरवून घेत होता! मी डोळ्यांनी खुणावतोय, पण साहेबांचं लक्ष कुठलं.

वर्षभराने एका मृत्युपत्रावर साहेबांनी भिंग धरलं आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"हा माझा विद्यार्थी."

"कशावरून?"

"ठिपका नाही, थरथर नाही. सांगितलेलं एकूण एक पाळलंय!"

चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

* * *

सरूबाईची वेळ आली आणि नेमकं तेव्हाच साहेबांचं भिंग थकलं. कारण किसनला सही येतच नव्हती. अंगठा उठवायलाही तो तयार नसायचा. "मी काय चोर हाय, अंगठा काळा कराले?" म्हणायचा. बापाआजासारखा तो सहीच्या जागी नांगर काढायचा. जुन्या लोकांत चालायचं ते. वाटणीपत्रावरही सहीच्या जागी एक नांगर होता.

दीर सुखदेव लहानपणीच नांदुऱ्याला धान्याच्या अडतीवर गेलेला. कडक इस्त्रीचं धोतर, खिशाला पेन. "भाऊनं माह्यासमोर काढला," एवढं एकच त्याचं पालुपद.

साहेबांनी जुन्या कागदांवरचे किसनचे तीन नांगर मिळवले. दोन दिवस पट्टी आणि कोनमापक घेऊन मोजत बसले. पण नांगराचं शास्त्र त्यांच्या इंग्रजी पुस्तकांत नव्हतं. 'रेषा ठाम आहेत, मत देता येत नाही,' असं लिहून त्यांनी हात टेकले, आणि सरूबाईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला फार वाईट वाटलं. वर्षभर ती बाई याच साहेबांच्या भरवशावर पायरीवर बसली होती.

"मंग माहं वावर गेलं?" एवढंच ती म्हणाली.

मी आत जाऊन दोरीवर वाळत घातलेले मोठे फोटो उगाचच सारखे करायला लागलो. ती मागोमाग आत आली. कोर्टातला तो कागद तिने कधी जवळून पाहिला नव्हता, इथे एकेक नांगर हातभर लांब होता. तिने आधी किसनचे तीन नांगर पाहिले आणि डोळ्याला पदर लावला. मग वाटणीपत्रावरच्या चौथ्यापुढे उभी राहिली. मान इकडे केली, तिकडे केली.

"भाऊ, हे उलटं टांगलं काय?"

"नाही बाई, सरळच आहे."

तिने डोळ्याचा पदर काढला आणि तोंडाला लावला.

दुपारी पुकारा झाला. सुखदेव पिंजऱ्यात उभा. सरूबाईने आपल्या वकिलाचा कोट ओढून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. वकिलांनी मोठा फोटो सुखदेवपुढे धरला.

"हा नांगर तुमच्या भावाने काढला?"

"हाव."

"तुमच्यासमोर?"

"माह्या डोयानं पाह्यला!"

"बरं. आता याला बैल कोणत्या बाजूनं जुंपायचे, तिथं बोट ठेवा."

सुखदेवने बोट उजवीकडे नेलं. परत घेतलं. डावीकडे नेलं. शेवटी घाम पुसून मधोमध ठेवलं!

मागच्या बाकांवर सगळी खेड्यापाड्यांची माणसं बसलेली. त्यातून एक जण ओरडला, "बैलाची दांडी एकीकडं, फाळाचं टोक दुसरीकडं! हा नांगर वावरात नाही, घराकडं चालला बे!" अख्खं कोर्ट हसायला लागलं. रहीमचाचांनी "खामोश!" म्हणायला तोंड उघडलं आणि तेच हसत सुटले. आपटेसाहेबांनी भिंग खिशात घातलं.

न्यायाधीश शहरातले. त्यांना हसण्याचं कारण कळेना. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला, मग सरूबाईकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

सरूबाईने हात जोडले.

"साहेब, हा नांगर भाऊजीचाच हाय. तो त्याइले देऊन टाका. वावर तेवढं मले राहू द्या!"