काल बंद असलेलं मशीन

"मॅडम, तुम्ही फक्त पुरावा काढून द्या. पुढचं पोलिसांचं मी बघतो."

दुकानाचे मालक राजूशेठ हे बोलले ते बिलं करणाऱ्या संगीताच्या समोर. ती टेबलाशी उभी होती, डब्याची पिशवी अजून खांद्यालाच. पोलादपूरजवळच्या वाडीतून ती रोज एसटीने येते आणि नुकतीच पोचली होती. मी बॅग खाली ठेवायचंही विसरले. महाडच्या बाजारपेठेत मी बरीच वर्षं हे काम करतेय. दुकानदारांना अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, शिकवायचं, अडलं की सोडवायचं. उंदरांनी कुरतडलेल्या केबल बघितल्या, की-बोर्डवर सांडलेला चहा बघितला. पण माझ्या कामातून एखाद्या बाईला चोर ठरवून द्या, असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पुरावा कसला?" मी विचारलं.

"ही बिलं उडवते, पैसे खायला. संध्याकाळी असतात, सकाळी नसतात. ओरडलं की दुसऱ्या दिवशी परत टाकते. वर एकाच नंबरची दोन-दोन बिलं, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या नावावर. काल एक जण येऊन माझ्यासमोर बिल आपटून गेला."

"मी काही उडवलेलं नाय, मॅडम," संगीता म्हणाली. "मी टाकते ते दुसऱ्या दिवशी मलाच दिसत नाय. म्हणून परत टाकते."

"ऐकलंत? वर तोंड करून सांगते."

जरा मागून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

राजूशेठचं दुकान पंप, पाइप आणि नळाच्या सामानाचं. खाली दुकान, वर घर. दुकानात तीन कॉम्प्युटर. शेठच्या टेबलाखालच्या मशीनमध्ये सगळा डेटा, म्हणून त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. तसा तो साधाच कॉम्प्युटर आहे, नाव मोठं एवढंच. संगीताचा आणि गोडाऊनमधला कॉम्प्युटर नेटवर्कच्या वायरीतून सर्व्हरवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडतात आणि त्यातच लिहितात. म्हणजे कपाट एक, आणि त्यातून काढणारे-ठेवणारे तिघं.

पावसाळा लागून थोडे दिवस झाले होते तेव्हा शेठचा पहिला फोन आला. संगीताच्या कॉम्प्युटरवर "डेटा सापडत नाही" अशी एरर. मी गेले. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, आपल्या घराला असतो तसा. सर्व्हरचा पत्ता बदललेला होता आणि बाकीची दोन मशीनं जुन्या पत्त्यावर हाका मारत होती. असं होतं कधीकधी, हे पत्ते राऊटर, म्हणजे इंटरनेटचा डबा, वाटून देतो आणि आपल्या मर्जीने देतो. मी सर्व्हरला एक कायमचा पत्ता लावून दिला, बाकी दोघांना तो सांगितला, चहा प्याले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी परत फोन. तीच एरर.

जाऊन बघते तर सर्व्हरवर मी लावलेला कायमचा पत्ता नाहीच. सेटिंग जुनंच, जणू मी काल आलेच नव्हते. माझं डोकंच फिरलं. आदल्या दिवशी मी स्वतःच्या हाताने ते केलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. "कुणी हात लावला याला?" म्हणून मी सगळ्यांवर डाफरले. कुणीच लावला नव्हता. मग परत तोच पत्ता लावला आणि मनाशी म्हटलं, काल सेव्ह करायचं राहिलं असेल, वय झालं बाई तुझं. त्यानंतर एरर आली नाही. मी खूश, शेठ खूश.

आणि आता हे. एररचं सोडा, दुकान सुरळीत चालू होतं आणि बिलं गायब होत होती.

मी सर्व्हरसमोर बसले. विंडोजमध्ये एक सोय असते. मशीन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, ते आपोआप टिपून ठेवलेलं असतं. दुकान बंद झाल्यावर कुणी गुपचूप येऊन मशीन चालू करत असेल तर तिथे कळेल, असं मला वाटलं. ते उघडलं आणि ओळी दोनदा वाचल्या.

काल हे मशीन सुरूच झालेलं नव्हतं.

परवा सकाळी सुरू, परवा संध्याकाळी बंद. त्यानंतर थेट आज सकाळी सुरू. कालच्या दिवसाची एक ओळ नाही. मी आणखी मागे गेले. तिथेही तसंच. एक दिवस चालू, एक दिवस नाही, परत चालू. थेट पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत.

"शेठ, काल दुकान उघडं होतं ना?"

"म्हणजे काय? काल त्या गिऱ्हाइकाने बिल आपटलं तेव्हा मी इथेच बसलो होतो. ह्याच मशीनवर."

"ह्याच?"

"मग काय शेजाऱ्याच्या? बरं आहात ना, मॅडम?"

मी त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी एकदा बघितलं आणि संगीताकडे मान वळवली. "ते पण हिनेच उडवलं असेल."

आता मला खरंच राग आला. संगीताला मीच शिकवलंय. काम चोख करते, पण पेन ड्राइव्ह काढायचा तरी मला फोन करून विचारते, मॅडम, काढू का? ती विंडोजच्या पोटात शिरून एक दिवसाआडच्या ओळी पुसणार? आणि एक दिवसाआड चोरी करणारा चोर मी तरी ऐकलेला नाही. हे मी शेठना तोंडावर सांगितलं.

"मग दुसरं कारण सांगा," ते म्हणाले.

तेच तर माझ्याकडे नव्हतं. शेठनी संगीताला घरी जायला सांगितलं. उद्यापर्यंत मॅडमनी काही दाखवलं नाही तर तक्रार देणार, म्हणाले. मी तिच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. चवदार तळ्यापर्यंत आलो. तिथे ती म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी मिळेल, मॅडम. पण वाडीत एकदा पोलिसांचं नाव गेलं ना, मग मी खरं सांगून उपयोग नाय. सासूबाईंना ह्या वयात लोकांनी विचारायचं, तुमच्या सुनेनं काय केलं म्हणून." गाडी लागली तशी ती चढली. खिडकीतून तिने बाहेर बघितलंही नाही.

मी तशीच दुकानात परतले, कारण एक गोष्ट विचारायची राहिली होती. "शेठ, सकाळी मशीन चालू कोण करतं?"

"अण्णा. माझे वडील लवकर खाली येतात, सगळं लावून ठेवतात. मग मी येतो."

"सगळं लावून म्हणजे?"

"म्हणजे लावून. वायरी-बियरी."

वायरी कशाला लावायला लागतात? वायरी असतातच की लावलेल्या. शेठ फोनवर बोलायला लागले होते. ते अर्धवट वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभी. शटर अर्धं वर होतं. आतल्या जिन्यावरून अण्णा खाली येत होते. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, मूळचा पोलादपूरकडच्या शेतकरी घरातला, अंगाने अजून काटक. त्यांनी छातीशी काहीतरी धरलेलं होतं, खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं. टेबलाशी येऊन त्यांनी पिशवी सोडली. आतून सर्व्हर निघाला.

मी तिथल्या स्टुलावर बसलेच.

"अण्णा, हे काय?"

"सर्वर हाय. रातचा खाली ठेवीन काय? सावित्री नदीचं पाणी वर येतं ते काय सांगून येतं?"

"रोज नेता वर?"

"पाऊस लागला का रोज. मागच्या मोठ्या पुरात नाय का गेला एक, सगळ्या हिशेबासकट. चिखलातनं काढला मी ह्या हातांनी. तवा ठरवलं, परत नाय."

यात तसं नवल नव्हतं. महाडमध्ये पावसाळ्यात प्रत्येक दुकानदार काही ना काही रोज वर चढवतो. कापडवाले गठ्ठे चढवतात, माझा नवरा फ्रिजखाली विटा लावतो. शेठनी मला हे सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काय आहे? मी जरा सावरले. पण तेवढ्याने बिलं गायब होत नाहीत. वर नेलेला सर्व्हर सकाळी खाली आला तर डेटा त्यातच असणार.

अण्णा वायरी लावत म्हणाले, "काल तो होता. आज हा."

"काल कोण होता?"

"दुसरा."

"दुसरा कसला, अण्णा?"

"चल वर, दाखवतो."

वरच्या खोलीत, लाकडी पाटावर, जुन्या लुगड्याने झाकलेला एक कॉम्प्युटर होता. शेजारी एक पिवळा बल्ब जळत होता, ऊब राहावी म्हणून. मी लुगडं बाजूला केलं. तोच काळा डबा, तीच कंपनी. खालच्याच्या शेजारी ठेवला असता तर मलाही ओळखता आला नसता.

"भाच्यानं आणून दिले उन्हाळ्यात," अण्णा सांगत होते. "मुंबईला कॉम्प्युटरचंच करतो तो. म्हणला, मामा, दोन घ्या, सारखेच. एकात हाय ते सगळं दुसऱ्यात हाय. एक गेला का दुसरा लावा."

"अण्णा, ते गेला तर! तुम्ही एक दिवसाआड बदलताय?"

"मग? पडून ऱ्हायला तर ओल धरील ना गो. ग्रामपंचायतीला जोडीचे पंप देतो आम्ही, त्यांना काय सांगतो? एक दिस हा चालवा, एक दिस तो. एकच चालवलात तर दुसरा ऐन वेळेला जाम. आख्खा जन्म गेला माझा पंप विकण्यात. मला नको कळायला?"

मला हसावं की रडावं कळेना. पंपाच्या हिशेबाने माणूस शंभर टक्के बरोबर होता. पण पंपाच्या पोटात कालचं पाणी साठून राहत नाही. भाच्याने कॉपी केली त्या दिवशी दोन्ही मशीनं सारखी होती. दुसऱ्या दिवसापासून एकाला सोमवार माहीत, दुसऱ्याला मंगळवार. सोमवारी संगीताने टाकलेलं मंगळवारच्या मशीनला ठाऊकच नव्हतं. त्याला नंबरही पुढचे कळत नव्हते, म्हणून एकाच नंबरची दोन बिलं. आणि मी कायमचा पत्ता लावला तो आधी एकाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. दोघांचा पत्ता एक झाला आणि एरर गप्प बसली. ती एररच तेवढी खरं ओरडत होती.

शेठ आले. मी दोन्ही मशीनं टेबलावर शेजारी शेजारी चालू करून ठेवली होती, वेगवेगळ्या पत्त्यांवर. संगीताची एकूणएक बिलं होती. काही ह्यात, काही त्यात. शेठ एका स्क्रीनवरून दुसरीवर बघत राहिले. "मला वाटलं, दुसरा नुसता ठेवलेला आहे," एवढंच म्हणाले.

अण्णांना पोलिसांची गोष्ट तोवर ठाऊकच नव्हती. त्यांचं बीपी वाढेल म्हणून शेठनी घरात सांगितलं नव्हतं. ती आता कळली. ते जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "म्हंजी पोरीला चोर मी केली." आणि मुलाला म्हणाले, "गाडी काढ."

मलाही त्यांनी बरोबर घेतलं, कारण त्यांना म्हणे ह्यातलं नीट सांगता येणार नव्हतं. वाडीत पोचलो तेव्हा संगीता पडवीत सासूच्या पायाला तेल लावत होती. शेठची गाडी बघून ती उठून उभी राहिली. तिला वाटलं, पोलीस घेऊन आले. तिच्या ओठांवरचा रंग उडालेला मी बघितला आणि मला शेठचा इतका संताप आला की मी त्यांच्याआधी ओरडून सांगितलं, "सापडलं, संगीता. सगळी बिलं सापडली."

अण्णा अंगणातच थांबले. आजूबाजूच्या पडव्यांतून माणसं बघत होती. त्यांच्याकडे तोंड करून ते म्हणाले, "ऐका. हिच्यावर आळ आला व्हता. हिनं काय केलेलं नाय. चूक माझी हाय, माझ्या हातनं झाली." मग त्यांनी म्हातारीला हात जोडले. एवढ्या वयाच्या माणसाला असं उभं राहिलेलं बघवेना.

मी सगळं समजावून सांगितलं. शेठ म्हणाले, "मशीन दोन होती हो बाई. माझी गफलत झाली. उद्यापासून या."

संगीताने सगळ्यांना पाणी दिलं. अण्णांना वाकून नमस्कार केला. मग शेठना म्हणाली, "मशीन दोन होती, शेठ, ते कळलं. पण मी तर रोज तीच येत होते."

शेठ रिकामा पेला खाली ठेवून गाडीकडे वळले.

ती परत त्या दुकानात गेली नाही. दोन्ही मशीनमधली बिलं एक करायला मला माणूस हवा होता, तेव्हा मी तिला विचारलं, आणि ते काम तिने माझ्या घरी बसून केलं. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे, पोलादपूरची सगळी गिऱ्हाइकं तीच बघते. अण्णा अजून सर्व्हर रोज वर नेतात. दुसरा मी कॉपी काढण्यापुरता ठेवलाय आणि त्याच्यावर लाल रंगाने फुली मारलीय. तो आठवड्यातून एकदा माझ्यासमोर चालू करायचा, म्हणजे ओलही धरत नाही आणि अण्णांच्या मनाला बरं वाटतं.

आता कुठलंही दुकान "बिलं गायब झाली" म्हणून फोन करतं तेव्हा संगीता पहिला प्रश्न विचारते, "कालचं मशीन तेच होतं का?" लोक हसतात. ती हसत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत दुकानातल्या कुणाचंही नाव घेऊ नका, असं सांगून मगच फोन ठेवते.