त्यांनी बसवलेली चाल

क्रांती चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. एक खोली, दोन कॉम्प्युटर. पडद्यावर चित्रातली माणसं हलवून दाखवणारं दुसरं कुणी तेव्हा शहरात मला तरी माहीत नव्हतं. मी दौलताबादहून एसटीनं यायचे. माझ्याआधीपासून तिथं एक जण काम करत होते, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला ताई.

कीफ्रेम कॉपी करायला मला त्यांनीच शिकवलं. वाळूजच्या एका कारखान्यासाठी कामगारांना दाखवायची फिल्म करायची होती. त्यात हेल्मेट घातलेला एक माणूस गेटापासून मशीनपर्यंत चालत जातो. सरांनी मला खोलीत येरझारा घालायला लावल्या, माझे पाय बघितले आणि मोजक्या जागा धरल्या. टाच टेकली, अंग खाली आलं, मागचा पाय उचलला. त्या जागा म्हणजे कीफ्रेम. मधली हालचाल कॉम्प्युटर भरतो.

"आता हीच पावलं उचलून पुढं टाकायची," ते म्हणाले. "पण पहिली जागा शेवटी जशीच्या तशी आली पाह्यजे. नाय तर गडी दर पावलाला झटका खातो."

दोन पावलांसाठी त्यांनी आठवडा घालवला. त्यांचा माणूस जरा पुढं झुकून चालायचा, शिफ्टची बस सुटेल की काय असा.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय तोंडावर आला. चौकाचौकांत पोलीस बसले. सरांच्या वस्तीत निळे झेंडे लागले होते. एका दुपारी मालकांनी मला जिन्यात बोलावलं.

"त्यांना म्हणावं, थोडे दिवस घरीच थांबा. कारखान्याचे साहेब येतात-जातात. उगीच कुणी काही बोललं तर?"

"तुम्हीच सांगा ना."

"तुमचं ऐकतील ते."

मी सांगितलं. वातावरण बरं नाही, तुमच्याच काळजीनं म्हणतात, असंही वर जोडलं. तसं मालक म्हणालेच नव्हते.

"तुम्हाला बी थांबायला सांगितलं का?" सरांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. ते पुन्हा पडद्याकडं वळले. कोणती कीफ्रेम कुठं बसवली आहे ते त्यांनी मला समजावलं, एका कागदावर लिहून दिलं, डबा उचलला आणि गेले.

फिल्म मी पुरी केली. पुरी केली म्हणजे त्यांच्या कीफ्रेम उचलून पुढं टाकत गेले. दुसरा कामगार हवा होता, त्यालाही तीच चाल दिली आणि शर्टाचा रंग बदलला. कारखान्यात ती दाखवली तेव्हा एका साहेबांनी विचारलं, "चालतो तर अगदी आमच्या माणसांसारखा. कुणी केलं हे?"

"आमच्या या ताईंनी," मालक म्हणाले. मी खाली बघितलं. साहेबांना तो माझा विनय वाटला असावा.

विद्यापीठाला नवं नाव मिळालं, बंदोबस्त उठला, तरी मालकांनी सरांना निरोप धाडला नाही. उन्हाळ्यात मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. ते वाळूजला पॅकिंगला लागले होते, नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांच्या बायकोनं चहा पुढं ठेवला.

"चाल बसली का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"बसली. मालकांनी माझं नाव सांगितलं."

"आन् तुम्ही?"

"मी गप्प बसले."

त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "चहा निवतोय, घ्या."

मी म्हणाले, मालकांशी बोलते, तुम्ही परत या.

"नगा बोलू. त्यांनी बोलावलं तर मला यावं लागंल. तिथला पगार जास्ती, घरात चार माणसं हायेत. आन् मला तिथं यायचं नाय."

त्यांच्या बायकोनं मला रस्त्यापर्यंत सोडलं. ते जागेवरून उठले नाहीत. मालकांशी मी बोलले नाही. सरांनी सांगितलं म्हणून, असं पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला हायसं वाटलं होतं, हेही खरं आहे.