तिसरा रकाना

समुपदेशनाच्या एम.ए.च्या वर्गात तिला सगळे ‘फ्रीज’ म्हणत, आणि तेही कौतुकाने. सरावाच्या तासाला एकमेकांची दुखणी ऐकताना कुणाचे डोळे भरून यायचे, कुणी नाक पुसत बाहेर जायचं. ही आपली खुर्चीत ताठ. बेचाळिसाव्या वर्षी औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून शिकायला आलेली बाई, मनाने खंबीर असणारच, असं वर्गाने परस्पर ठरवून टाकलं होतं. आठ महिन्यांपूर्वी तिची आई गेली, तेव्हाही ती पाचव्या दिवशी वर्गात हजर. केवढं हे धैर्य, म्हणाले सगळे. धैर्य कसलं डोंबलाचं! तिला काही वाटतच नव्हतं. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली, आलं नाही, मग वाट पाहणंही सोडलं.

मार्गदर्शक बाई मात्र या खंबीरपणाला भुलल्या नव्हत्या. क्लायंटच्या परवानगीने प्रत्येक भेट रेकॉर्ड करायची आणि नंतर शब्द न् शब्द तीन रकान्यांत टाइप करायची, अशी पद्धत होती. क्लायंट काय म्हणाला, आपण काय म्हणालो, आणि त्या क्षणी आपल्या मनात काय आलं. मधली शांतता किती सेकंदांची, तेही लिहायचं. तिचे पहिले दोन रकाने चोख. तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत ‘काही नाही’.

“समोर माणूस रडतोय आणि मनात काहीच येत नाही?” बाई म्हणाल्या होत्या. “मग त्याने भिंतीशी बोललेलं काय वाईट? आता शेवटचं रेकॉर्डिंग उरलंय. हा रकाना असाच आला तर मी सही करणार नाही.”

सही नाही म्हणजे पदवी नाही. दोन वर्षं पाण्यात.

रविवारी दुपारी ती शुक्रवारच्या भेटीचं रेकॉर्डिंग टाइप करायला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हेडफोन लावून बसली. क्लायंट निवृत्त बसचालक, बायको गेल्यापासून घरात एकटा. बोलता बोलता त्याने विचारलं, “तुमच्या घरी कोण असतं?” आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, “मी आणि आई. गुडघ्यांमुळे ती घरीच असते.”

तिने ते पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता. आपण असं बोललो, हे तिला आत्ता कळत होतं.

क्लायंटला खोटं सांगणं म्हणजे या धंद्यातलं महापाप. पण बाई वाचायच्या कागद. रेकॉर्डिंग क्वचितच ऐकायच्या. तिने ‘असते’चं ‘असायची’ केलं. काम फत्ते. मग ती तिसऱ्या रकान्याशी आली आणि हात थांबला. कारण या वेळी मनात काय आलं होतं, ते तिला नेमकं आठवलं. तिने ‘असायची’ खोडून पुन्हा ‘असते’ लिहिलं.

बाईंनी त्यांच्या खोलीत तो कागद वाचला. तिसऱ्या रकान्यात एकच नोंद होती: ‘आज उशीर होतोय. आईला फोन करून सांगायला हवं, जेवून घे म्हणून.’

“खोटं का सांगितलंत त्यांना?”

“खोटं नव्हतं. तेव्हा ती होती.”

बाई गप्प झाल्या. सवयीने ती सेकंद मोजू लागली. एकोणीस झाले.

“सही आज नाही,” बाई म्हणाल्या. “महिनाभर क्लायंट घ्यायचे नाहीत. आधी तुम्ही कुणाकडे तरी जाऊन बोला. मग बघू.”

“बरं.” तेही तिला कुठे लागलं नाही. ती कागद गोळा करू लागली. पुन्हा शांतता, पुन्हा मोजणी. सहा, सात, आठ.

“आणि फोन केलात,” बाईंनी हळूच विचारलं, “तर जेवून घ्यायच्या का त्या?”

“छे,” ती म्हणाली. “थांबायची.”

शब्द तिच्या कानावर पडला, आणि ती मोजायची विसरली.