शकूनं उघडा ठेवलेला कोपरा

या, जरा जवळ सरका. पेपरची पुरवणी आली की आधी तिच्यावर चहाचा कप ठेवायचा, ही कुठली रीत तुमची? उचला तो कप. आमच्या शकूबद्दल सांगायचंय, आणि लांबून ओरडून सांगायला मला आता जमत नाही.

फोन आला तेव्हा मी ओट्यावर गोधडी पसरून तिचीच वाट बघत होते. पारनेरची एसटी येऊन गेली, ती उतरली नाही. मग नगरहून तिच्या भाच्याचा फोन... "आक्का, मावशी सकाळी उठलीच न्हाई." मी म्हटलं, "अरे, मग उठव की!" असं बोलले बघा मी.

शकू नगरला नर्स होती. रिटायर झाल्यावर माणसं देवाला जातात, ही गेली लांब डोंगरातल्या मुलखात. तिथं शेजारी राहणाऱ्या दोन समाजांनी एकमेकांची घरं जाळली होती. छावणीत ती बाळंतिणींना बघायची. परत आली तशी माझ्याकडं आली. चहा निवला तरी घेईना. मग म्हणाली, "आक्का, मदत लई निघती, पोचत न्हाई. एका समाजाचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या भागात जाऊ शकत न्हाई, ट्रक मधल्या पुलाच्या अलीकडंच पडून. अन् पोचलं तर काय, जरीच्या साड्या, उंच टाचांच्या चपला! पोरं थंडीनं काकडत्यात तिथं."

म्हणून आम्ही गोधड्या शिवायला घेतल्या. दर रविवारी ती यायची. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि मधे सगळ्या जगाच्या गप्पा. माझे डोळे अधू, म्हणून जाताना आठवडाभर पुरतील एवढ्या सुया ओवून उशीला टोचून ठेवायची.

आमच्याकडं गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून शिवतात, पांघरणाराचं पोट भरलेलं राहावं म्हणून. आम्ही प्रत्येकीत घातला, मायेनं. तिकडं तपासणी नाक्यावर पहारेकऱ्यांच्या हाताला ते कडक काहीतरी लागलं... ट्रक अडवला, एकूणएक कोपरा उसवला. शकू ट्रकबरोबर तिथंच होती. हे काय आहे ते हिंदीत समजावून समजावून तिचा घसा बसला. छावणीत लोक कुडकुडत होते आणि गोधड्या नाक्यावर. मी ऐकून चिडले, तर मलाच म्हणाली, "त्येंचं काय चुकलं? तू तर माझी पिशवीबी चाचपून बघतीस."

तोड तिनंच काढली. चौथा कोपरा उघडाच ठेवायचा आणि तिथं ओवलेली सुई टोचून द्यायची. नाक्यावाल्यानं हात घालून बघावं, जिला मिळेल तिनं शिवून घ्यावं. आधी छावणीत फोन करून काय पाहिजे ते विचारायचं, पुलावर ड्रायव्हर बदलायचा, हेही तिनं आणि तिच्याबरोबरच्यांनी दोन्हीकडच्यांना विनवून जमवलं. सगळं सुरळीत झालं असं नाही, पूल आजही मधेच बंद होतो. पण गोधड्या पोचायला लागल्या. एकदा तिकडच्या एका बाईनं मोबाईलवर दाखवलं, शकूनं सांगितलेली भाकरीची रीत ध्यानात ठेवून तिनं त्या कोपऱ्यात आपल्याकडचे तांदळाचे दाणे घातले होते. शकूनं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि आपण तोंड फिरवलं.

आता तिच्या हातची एक गोधडी खाटेवर आहे, कोपऱ्याला तिनं ओवलेली सुई. उशीवर तिनं ओवून ठेवलेल्या बाकी सुयांचा दोरा संपला. रविवारी एसटी थांबते, मी मान वर करून बघते, ती पुढं जाते. परवा ट्रक भरला तेव्हा ही गोधडी काही मी दिली नाही. हातच सुटेना. पण तिकडं थंडी पडली असेल. शकू असती तर म्हणाली असती, "आक्का, मी पांघरणार हाय व्हय आता ती?"

पुढच्या ट्रकला देणार आहे मी, सुईसकट. नवी गोधडी ओट्यावर अंथरलीय. दोऱ्याचं रीळ आहे, सुया आहेत, दुसरं टोक मोकळं पडलंय. तर या एकदा, लवकर या. पारनेरची एसटी ओट्यासमोरच थांबते. आणि येताना चष्मा विसरू नका, सुया ओवायच्यात.