अधिकचं चिन्ह

बाबांना डेंग्यू झाला तेव्हा मी ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत रक्तदाते शोधून देणाऱ्या ॲपवर काम करत होते. आपण रक्तगट आणि गाव निवडायचं, की जवळच्या दात्यांचे नंबर येतात.

डोंबिवलीच्या हॉस्पिटलात बाबांच्या प्लेटलेट्स झपाट्यानं उतरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "बी पॉझिटिव्ह दाता घेऊन या. आजच." आईचा आणि माझा गट वेगळा. ओळखीतल्या एकाला ताप होता, दुसरा गावी गेलेला.

आई म्हणाली, "अगं, तुझंच ॲप आहे ना? त्यात बघ की."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी बघितलं. 'एकही दाता सापडला नाही.' डोंबिवलीच्या जागी कल्याण घातलं, मग ठाणे. तेच. बी पॉझिटिव्ह काही दुर्मिळ गट नाही. दर तीन-चार माणसांत एकाचा तरी असतो. घाईत बोट बी निगेटिव्हवर पडलं, आणि लगेच तीन नावं आली. निगेटिव्ह गटच दुर्मिळ, म्हणजे हे उलटं होतं. मी लॅपटॉप उघडला.

ॲप सर्व्हरला, म्हणजे दात्यांची यादी असलेल्या संगणकाला, काही विचारतं तेव्हा त्याच्या वेब-पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून त्यापुढे आपली माहिती जोडतं: गट अमुक, गाव तमुक. पॉझिटिव्ह गट त्यात 'बी+' असा, अधिकचं चिन्ह लावून जातो. पण या पत्त्यात अधिकच्या चिन्हाला सर्व्हर अधिक समजत नाही, रिकामी जागा समजतो. ही फार जुनी रीत आहे. म्हणून ते चिन्ह एका ठरलेल्या सांकेतिक रूपात पाठवावं लागतं. आमच्याकडे आधी ते त्याच रूपात जात होतं. पण मागच्याच आठवड्यात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं तो भाग नव्यानं लिहिला होता. पत्ता जुळवायला त्यानं प्रोग्रॅमिंगमधली एक तयार सोय वापरली होती, आणि ती सोय बाकी सगळी चिन्हं नीट बदलते, अधिक मात्र तसंच सोडते. त्याचा स्वतःचा गट ओ निगेटिव्ह. त्यानं तोच घालून तपासलं होतं.

म्हणजे सर्व्हर 'बी' आणि एक रिकामी जागा असा गट शोधत होता. असा कुणाचाच गट नसतो.

कोडमध्ये अधिकचं चिन्ह बदलणारी एक ओळ वाढवली. केबल लावून नवं ॲप माझ्याच फोनवर चढवलं. पडदा नावांनी भरला. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. ती माझ्या शेजारी बाकावर बसली.

पहिल्या दोघांनी फोन उचलला नाही. तिसरे गृहस्थ टिटवाळ्याचे. "येतो," म्हणाले आणि खरंच आले. पन्नाशीच्या आतले, शर्टाच्या बाह्या आधीच दुमडलेल्या. तपासणीची वाट बघत असताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला माझा नंबर ॲपवरून मिळाला ना? आधी दोन-चार दिवसांनी कुणाचातरी फोन यायचा. आता इतक्यात एकही नाही आला. बायकोला म्हटलं, बरं झालं, कुणाला गरज पडली नाही."

मी मान हलवली. मग त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले.

दुपारीच मी सहकाऱ्याला कळवलं होतं. दुरुस्ती सगळ्यांसाठी पाठवून तो संध्याकाळी थेट हॉस्पिटलात आला. आईनं त्याला चहा दिला. तो कप तसाच हातात धरून बसला. "काकू, ते मी लिहिलं होतं," तो म्हणाला. आईला पत्ता, चिन्ह यातलं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "अरे, मिळाला ना माणूस. चहा पी."

बाबा वाचले. अशक्तपणा बरेच दिवस राहिला, पण घरी आले.

मी कामावर परत गेले तेव्हा सहकारी सर्व्हरवरच्या जुन्या शोधांच्या नोंदी वाचत बसलेला. त्या आठवड्यात कल्याणहून, अंबरनाथहून, मुंब्र्याहून लोकांनी शोधलं होतं. ए आणि रिकामी जागा. ओ आणि रिकामी जागा. काहींनी गावं बदलबदलून पुन्हा पुन्हा बघितलेलं. तक्रार एकाचीही नव्हती. दाता मिळाला नाही म्हणून माणूस तक्रार लिहीत बसत नाही, दुसरीकडे धावतो.

"यांना फोन करूया," तो म्हणाला.

"कसा करणार? शोधणाऱ्याचा नंबर आपण घेतच नाही."

त्यानं ती यादी बंद केली. मग आठही रक्तगट एकेक करून आपोआप शोधून बघणारी तपासणी त्यानं लिहायला घेतली. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.