चावी एकाला, नारळ दुसऱ्याला

धुळ्यात महामार्गावर ट्रकचं एक जुनं शोरूम होतं. आता तिथं लग्नाचं लॉन झालंय. लोक हळहळतात, काय दिवस होते म्हणतात. मला विचाराल तर बंद पडलं ते बरंच झालं. मी मनात धरून ठेवणारी बाई आहे, आणि ते लपवतही नाही.

माझे आबा सोनगीरचे. वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले, तेव्हा कुठे स्वतःचा पहिला ट्रक घेतला, तो याच शोरूममधून. तिथली एक रीत होती. नवी गाडी बाहेर काढताना पूजा व्हायची, चावी मालकाच्या हातात द्यायची, नारळ ड्रायव्हरने फोडायचा, आणि त्या सोहळ्याचा फोटो भिंतीवर लागायचा. आबा त्या दिवशी खाकी घालून गेले होते, कारण गाडी घरी तेच चालवत आणणार होते. सोबत आई आणि मी होतो, शिवाय कर्जाला जामीन राहिलेले गावातले एक गृहस्थ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. शोरूमचा शेठ आला, दोघांकडे एकदा बघितलं, चावी पांढऱ्या कपड्यांच्या हातात दिली आणि आबांना म्हणाला, "चल रे, नारळ फोड."

जामीनदारानेही घेतली, मोठ्या ऐटीत. आई माझ्याकडे बघत राहिली, मी आबांकडे. तीनच शब्द बोलायचे होते. गाडी मनी शे. माझी आहे गाडी, एवढंच. आबांनी नारळ घेतला आणि एका दणक्यात फोडला. लगेच फोटो निघाला.

तो वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेला होता. मधोमध चावी घेतलेला जामीनदार, कडेला अर्धे कापले गेलेले आबा. सर्व्हिसिंगला गाडी नेली की मालक लोक आत पंख्याखाली बसायचे, ड्रायव्हर बाहेर बाकड्यावर. आबा बाहेरच बसायचे. मी म्हणायचे, सांगा ना त्या शेठला एकदा. तर म्हणायचे, "जाऊ दे वं माय, गाडीले माहीत शे." गाडीला असेल माहीत. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

आता जळगावात मेहरूणच्या बाजूला माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. आबा रोज दारापाशी खुर्ची टाकून बसतात. मागच्या उन्हाळ्यात तोच शेठ जुनी मोटार घ्यायला आला, सोबत ड्रायव्हर. शेठ आता थकला होता, कानाने कमी ऐकत होता. मला त्याने ओळखलं नाही, आबांनाही नाही. मी दारातच ओळखलं. चहा पाजला, नाना नाना केलं, कागद चोख करून दिले. गाडी चांगलीच दिली, धंद्यात मी खोटेपणा करत नाही. पण गाडी न्यायच्या दिवसाची मी जेवढी वाट पाहिली, तेवढी स्वतःच्या लग्नाचीही पाहिली नव्हती.

त्या दिवशी हळदकुंकू लावलं, हार घातला. शेठने चावीसाठी हात पुढे केला. मी चावी ड्रायव्हरला दिली आणि शेठच्या पसरलेल्या हातावर नारळ ठेवला. "चला नाना, फोडा."

शेठ क्षणभरही थांबला नाही. "अहो बाई, गाडी माझी आहे."

किती सहज म्हणाला मेला. जीभ जड झाली नाही, मान खाली गेली नाही. माझ्या आबांना जे जन्मात जमलं नाही, ते याने उभ्या उभ्या श्वास घ्यावा तसं म्हणून टाकलं. मला हसायचं होतं, ते राहूनच गेलं.

मागून खुर्चीतून आबांचा आवाज आला, "मी बी आसंच म्हनाले जोयजे व्हतं." म्हणायला हवं होतं त्यांनीही, त्या दिवशी.

शेठने कानामागे हात धरला. "काय म्हणतात हे?"

"काही नाही नाना," मी म्हटलं. "एका दणक्यात फोडा, म्हणतात."