बोऱ्यांचं जाजम

परवा वर्ध्याच्या बाजारात शिलाई मशीनच्या एका दुकानापाशी पाय आपोआप थबकले. आत तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास कोंदला होता. एक मुलगी विचारत होती, घरच्या मशीनवर जाड कापड शिवता येतं का. ‘नाई जमत,’ म्हणून दुकानदार मोकळा झाला. मला त्याचा रागच आला. हेच दोन शब्द सेलूच्या शिंप्यानं माझ्या आईला ऐकवले होते, आणि तेव्हाही ते मला आवडले नव्हते.

आम्ही बौद्ध झालो, त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. आत्याचं लग्न ठरलेलं. नव्या रीतीनं होणारं आमच्या वस्तीतलं ते पहिलंच लग्न. तोवर गावाची बैठक भरली की जाजमावर बसणारे वेगळे असत आणि त्याच्या काठाबाहेर, मातीत बसणारे आम्ही वेगळे. आईनं ठरवून टाकलं, या लग्नाला कुणी मातीत बसणार नाही. गावाकडे जाजम मागायचं नव्हतं. मागूनही ते मिळालं नसतं. मग तिनं घरोघरी जाऊन कापसाचे जुने बोरे गोळा केले, उसवून नदीवर धुतले आणि वर घालायला जाड दोसुती कापड आणलं. तिच्याजवळ होती एक हातमशीन, झंपरं आणि पोरांच्या चड्ड्या शिवायची.

ती विचारायला गेली तो सेलूचा शिंपी भला माणूस होता. त्यानं बोऱ्याचा तुकडा बोटांत चुरून पाहिला. “नाई जमत. बाई, हे काई झंपर नोय. सुई तुटन, मशीन बसन.”

“मंग जाडी सुई द्या,” आई म्हणाली. तिला वाद घालायची सवयच नव्हती, ती सरळ कामाला लागे.

पहिली चूक तिचीच झाली. झंपराच्या सवयीनं तिनं कडा आत दुमडल्या, त्यामुळे शिवणीखाली थरांवर थर साचले. दोन हात शिवून झालं आणि कट् करून सुई मोडली. आत्या रडकुंडीला आली. आई मात्र तो मोडका तुकडा हातात घेऊन बराच वेळ शिवणीकडे पाहत बसली. मग तिनं सगळं उसवलं. कडा न दुमडता एकावर एक नुसत्या ठेवल्या, मुसळानं ठोकून चपट्या केल्या, शिवणीवर साबणाची वडी घासली. मशीनचा दांडा सोडून चाकच तळहातानं फिरवू लागली, एकेक टाका मोजून टाकल्यासारखा. कापडाचं ओझं सुईवर येऊ नये म्हणून मागच्या बाजूनं नवरी ते उचलून धरी. पाच दिवस हे चाललं. आईच्या तळहाताला फोड आले, त्यावर तिनं चिंधी बांधली. त्या दिवसांत मला तिची थोडी भीतीच वाटे, आणि अभिमान इतका वाटे की शेजारच्या पोरींना मी उगाच ते जाजम दाखवायला घेऊन येई.

लग्नाच्या दिवशी जाजम अंथरलं. ओबडधोबड होतं, एका कडेला तिरकं गेलेलं. माणसं येऊन बसू लागली. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ आले आणि जन्माच्या सवयीनं काठाबाहेर, मातीत उकिडवे बसले. आई त्यांना मामाजी म्हणे. त्यांच्यासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलली.

“मामाजी, मधात या न. आपलंच होय.”

मामाजी उठले. काठाशी वाकून त्यांनी शिवणीवरून हात फिरवला.

“मशीननं शिवलं? फाटन नाई न?”

“नाई फाटत.”

तेव्हा ते आत आले, आधी बिचकत, मग मांडी ठोकून बसले.

ती मशीन पुढे माझ्या भाचीकडे गेली, जाजम कैक लग्नं पाहून विरलं. कापड किती टिकलं याचा हिशेब मी ठेवलेला नाही. मला आठवतं ते इतकंच की त्यानंतर मामाजी ज्या ज्या बैठकीला गेले, तिथे मधोमध बसले, आणि उशिरा येऊन कुणी काठाशी घुटमळलं की सरकून त्याला शेजारी जागा करून देत.